लिंबानं रंग गेला म्हणून अंडं नकली ठरत नाही

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरी गावरान अंडी येतात आणि ज्यांच्या परसात चार-दोन कोंबड्या आहेत, त्यांनी वेळ काढून शेवटपर्यंत वाचावी.

सध्या एक व्हिडिओ ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. एका हातात तपकिरी अंडं, दुसऱ्या हातात लिंबाची फोड. लिंबू घासलं की रंग उतरतो, खालून पांढरं कवच दिसतं. मग आवाज येतो, बघा, पांढरी अंडी रंगवून गावरान म्हणून तुमच्या गळ्यात मारतायत!

गेल्या महिन्यात आपल्या आठवडी बाजारात याचा पहिला फटका बसला. पाड्यावरून आलेली एक आजी तुसाच्या टोपलीत पंचवीस-तीस अंडी घेऊन बसली होती. दोन पोरांनी मोबाइल चालू करून तिच्या अंड्यावर लिंबू घासलं. रंग गेला. गर्दी जमली. आजी एवढंच म्हणत राहिली, "मी काय कोंबडीले रंग पाजस का भाऊ?" त्यानंतर तिच्याकडून कोणी एक अंडं घेतलं नाही. भरली टोपली घेऊन ती परत गेली.

आजी खरं बोलत होती. लिंबानं खऱ्या अंड्याचाही रंग जातो. रंगवून विकणारे भामटे आहेतच, चहाच्या पाण्यात बुडवलेल्या अंड्यांच्या बातम्या देशात अधूनमधून येत असतात. पण लिंबाच्या या चाचणीत भामटा आणि आजी दोघंही सारखेच नापास होतात. आणि भामट्याला हा धंदा सुचला कशामुळे? तपकिरी म्हणजे गावरान, गावरान म्हणजे चांगलं, असं आपण डोक्यात पक्कं करून टाकलंय म्हणून. ही समजूत आली कुठून, याचा शोध घेत गेलो तर शे-दीडशे वर्षांची आणि अर्ध्या जगाची गोष्ट हाती लागली. ती तुमच्यासमोर मांडतो.

आधी रंग चढतो कसा ते बघू

कोंबडीच्या पोटात एक अंडं पूर्ण व्हायला साधारण चोवीस ते सव्वीस तास लागतात. त्यातले वीसेक तास फक्त कवच चढवण्यात जातात. हे कवच जवळजवळ सगळं चुन्याचं, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचं. ते मुळात पांढरंच असतं. जगातल्या कुठल्याही कोंबडीचं अंडं घ्या, पाया पांढराच.

त्यावर रंग दोनच. एक तपकिरी, त्याचं नाव प्रोटोपॉर्फिरिन. रक्ताला लाल करणारं द्रव्य शरीरात तयार होताना जी साखळी लागते, त्यातलाच हा एक दुवा. दुसरा निळा, बिलिव्हर्डिन. मुका मार लागल्यावर आपल्या अंगावर जो हिरवट डाग दिसतो, तो याच द्रव्याचा. फिकट बदामी, गुलाबी, विटकरी, चॉकलेटी, हिरवा, या साऱ्या छटा या दोघांच्या कमी-जास्त प्रमाणातून येतात. निळ्यावर तपकिरी चढला की अंडं हिरवं दिसतं.

आता मुद्द्याची गोष्ट. निळा रंग कवचात आरपार मुरलेला असतो. अंडं फोडून आतून बघितलं तरी निळंच. तपकिरी रंगाचं तसं नाही. तो बहुतांश शेवटच्या काही तासांत, कवचाच्या वरच्या थरांत चढतो. घराला रंगाचा हात मारावा तसा. तपकिरी अंडं फोडून आतली बाजू बघा, पांढरी दिसेल. लिंबाच्या आंबटानं चुना विरघळतो हे तर शाळेतलं विज्ञान. वरचा चुना विरघळला की त्यातला रंगही निघून येतो. व्हिडिओतला चमत्कार एवढाच.

आणि या सगळ्याच्याही वर, अगदी शेवटी, एक पातळ ओलसर लेप चढतो. अंडं बाहेर आल्यावर तो दोन-चार मिनिटांत वाळतो. दुधावरच्या सायीसारखा म्हणा. या लेपाबद्दल पुढे बोलणारच आहे, कारण माझ्या मते रंगापेक्षा तो महत्त्वाचा आहे.

तपकिरी रंगाचं मूळ घर आशिया

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला युरोप-अमेरिकेत कोंबड्यांचं वेड पसरलं. चीनच्या बंदरांतून शांघाय आणि कोचीन नावाच्या धिप्पाड, पायांवर पिसं असलेल्या कोंबड्या तिकडे पोचल्या आणि लोक अक्षरशः वेडे झाले. १८४९ मध्ये बॉस्टनला पहिलं मोठं कोंबड्यांचं प्रदर्शन भरलं, त्याला हजारोंची गर्दी झाली. जॉर्ज बर्नहॅम नावाच्या व्यापाऱ्यानं १८५२ मध्ये अशा कोंबड्या थेट व्हिक्टोरिया राणीला भेट पाठवल्या आणि स्वतःच्या मालाची किंमत वाढवून घेतली. पुढे यानंच या वेडाचा इतिहास सांगणारं पुस्तक लिहून त्यावरही पैसे कमावले! याच काळात एका जातीला ब्रह्मपुत्रेचं नाव चिकटलं. तीच आजची 'ब्रह्मा' कोंबडी. नाव आपल्या नदीचं, घडण मात्र अमेरिकेतली.

या पाहुण्या कोंबड्यांची अंडी बदामी-तपकिरी होती. डार्विननंही हे टिपून ठेवलंय. १८६८ च्या त्याच्या पाळीव प्राण्यांवरच्या ग्रंथात त्यानं म्हटलंय की गडद रंगाची अंडी ही पूर्वेकडून नुकत्याच आलेल्या जातींची खूण दिसते. म्हणजे आज आपण ज्याला अस्सल देशी म्हणून जास्त पैसे मोजतो, तो रंग दीडशे वर्षांपूर्वी पाश्चात्त्यांच्या लेखी पूर्वेकडचा परदेशी माल होता.

१८७२ मध्ये मेजर क्रोड या इंग्रज अधिकाऱ्यामार्फत चीनमधून लँगशान जात इंग्लंडला गेली. तिच्या तपकिरी अंड्यावर जांभळ्या प्लमसारखी झाक असायची. ही झाक म्हणजे कुठला तिसरा रंग नव्हे. तपकिरी रंगावर वरचा लेप जाड बसला की तो दुधी दिसतो आणि खालचा रंग गुलाबी-जांभळा भासतो. काळ्या द्राक्षावरचा पांढुरका थर बोटानं पुसला की द्राक्ष काळंभोर दिसतं ना, तसंच. आज इंटरनेटवर 'जांभळी अंडी देणारी कोंबडी' म्हणून जे फोटो फिरतात, त्यात बहुतेक वेळा हाच प्रकार असतो. अंडं ओलं करा, जांभळेपणा गायब!

लँगशानचं रक्त पुढे फ्रान्समधल्या मारां आणि हॉलंडमधल्या बार्नेवेल्डर या जातींत उतरलं. मारांची अंडी इतकी गडद की चॉकलेटची वाटावीत. इयन फ्लेमिंगनं १९५७ च्या कादंबरीत आपल्या जेम्स बाँडला नाश्त्याला याच कोंबडीचं तपकिरी अंडं दिलंय, आणि साहेबांना पांढरं अंडं आवडत नाही असंही लिहून ठेवलंय. बघा, अंड्याच्या रंगाला चिकटलेला बडेजाव तेव्हापासून.

अमेरिकेत तर शहराशहरांत भांडण. बॉस्टनचा गिऱ्हाईक तपकिरी अंड्याला जास्त भाव द्यायचा, न्यूयॉर्कचा पांढऱ्याला. अंडं आतून तेच, गावोगावी भाव वेगळा. बॉस्टनच्या बाजूला ऱ्होड आयलंड या छोट्या राज्यात शेतकऱ्यांनी आशियातल्या मलाय, शांघाय अशा कोंबड्यांच्या संकरातून लाल रंगाची, तपकिरी अंडी देणारी जात तयार केली, ऱ्होड आयलंड रेड. १९२५ मध्ये तिथल्या अ‍ॅडम्सव्हिल गावात तिचं स्मारक उभारलं, १९५४ मध्ये तिला राज्यपक्षी केलं. न्यूयॉर्कच्या बाजूला इटलीच्या लिव्होर्नो बंदरावरून नाव पडलेली पांढरी लेगहॉर्न. हलकी, कमी खाणारी, भरपूर अंडी देणारी.

या दोन्ही कोंबड्या नंतर आपल्याकडे आल्या, आणि आपल्या आजच्या गोंधळाचं मूळ इथं आहे.

आपल्याकडे पांढरं 'बॉयलर' झालं आणि तपकिरी 'गावरान'

आपली जुनी गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ, फार तर ऐंशी अंडी देणारी. अंडं लहान. रंग म्हणाल तर एका खुराड्यात चार तऱ्हा. एकीचं दुधी, एकीचं बदामी, एकीचं किंचित गुलाबी, एकीचं फिकट तपकिरी. ठरावीक असा रंगच नाही. कारण रंग धरून कोणी निवड केलेलीच नव्हती. कोंबडी उकिरड्यावर पोट भरते का, घारीपासून पिल्लं वाचवते का आणि वेळेवर खुडूक बसते का, एवढंच बघितलं जायचं.

स्वातंत्र्यानंतर अंडी वाढवायची म्हणून सरकारी उबवणी केंद्रांतून ऱ्होड आयलंड रेड आणि लेगहॉर्न गावात येऊ लागल्या. जातिवंत कोंबडा द्यायचा आणि गावठी कोंबड्यांशी संकर होऊ द्यायचा, हे धोरण. दुसरीकडे मोठ्या पोल्ट्र्या उभ्या राहिल्या. १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, पुढे पुणे तिचं मोठं केंद्र झालं. १९८२ मध्ये अंड्याचा दर उत्पादकांनीच ठरवावा म्हणून राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, म्हणजे एनईसीसी, स्थापन झाली. टीव्हीवरच्या तिच्या जाहिराती आमच्या पिढीला तोंडपाठ आहेत. या पोल्ट्र्यांत कोंबडी होती लेगहॉर्न वंशाची, वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देणारी. त्यामुळे शहरातलं स्वस्त अंडं पांढरं झालं.

लोकांनी साधा हिशेब केला. पोल्ट्रीचं ते पांढरं, मग जे पांढरं नाही ते गावरान. हिशेब सोपा, पण चुकीचा. कारण पुढे परसातल्या पालनासाठी बंगळूरहून गिरिराजा आली, हैदराबादच्या केंद्रीय संस्थेतून वनराजा आणि ग्रामप्रिया आल्या. या सुधारित जाती तपकिरी अंडी देतात. चांगल्या जाती आहेत, त्यांनी अनेक घरांना आधार दिलाय, त्याबद्दल तक्रार नाही. आणि पोल्ट्रीच्या पिंजऱ्यातही तपकिरी अंडी देणाऱ्या संकरित कोंबड्या आहेतच. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात गिऱ्हाइकाची आवड पांढऱ्यावरून तपकिरीवर गेली, तेव्हा पोल्ट्रीवाल्यांनी नुसती कोंबडी बदलली. पिंजरा तोच राहिला. तपकिरी रंगावरून कोंबडी मोकळी फिरली की पिंजऱ्यात होती हे कळत नाही.

थोडक्यात प्रवास बघा. तपकिरी रंग आशियातून अमेरिकेला गेला, तिथं ऱ्होड आयलंड रेड झाला, तिथून सरकारी केंद्रामार्फत आपल्या पाड्यावर आला आणि आपण त्याला गावरान असं नाव दिलं. अस्सल जुन्या गावठी कोंबडीचं दुधी अंडं मात्र आज बाजारात 'हे बॉयलरचं दिसतंय' म्हणून मागं सारलं जातं. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

निळ्या अंड्याची गोष्ट

रंगाला भुलण्यात आपण एकटे नाही. दक्षिण अमेरिकेत चिली देशात मापुचे नावाच्या मूळ रहिवाशांकडे निळी अंडी देणाऱ्या कोंबड्या होत्या. १९१४ मध्ये स्पेनचे कुक्कुटतज्ज्ञ साल्वादोर कास्तेयो तिथं गेले आणि ही अंडी बघून चकित झाले. १९२१ मध्ये हेग इथं भरलेल्या पहिल्या जागतिक कुक्कुट परिषदेत त्यांनी ती जगापुढे मांडली. कोंबडीची ही वेगळीच जात असावी असं त्यांना वाटलं. नंतर उलगडा झाला की ज्या कोंबड्या त्यांनी बघितल्या, त्या रूबेन बुस्तोस या चिलीच्याच माणसानं दोन स्थानिक प्रकारांचा संकर करून तयार केल्या होत्या. आज तिला अरौकाना म्हणतात.

१९३३ मध्ये केंब्रिजच्या रेजिनाल्ड पनेट यांनी दाखवलं की निळा रंग एकाच जनुकामुळे येतो आणि तो प्रभावी असतो. बारावीला जीवशास्त्र घेतलेल्यांना पनेटचा चौकोन आठवत असेल, तेच हे पनेट. म्हणजे निळं अंडं देणाऱ्या जातीचा एक कोंबडा कळपात आला तरी पुढच्या पिढीत निळी-हिरवी अंडी दिसू लागतात. २०१३ मध्ये चीन आणि ब्रिटनमधल्या संशोधकांनी त्याही पलीकडे जाऊन कारण शोधलं. फार पूर्वी एका विषाणूचा तुकडा कोंबडीच्या जनुकांत येऊन बसला आणि त्यामुळे निळं द्रव्य कवचात उतरू लागलं. गंमत म्हणजे चिलीत आणि चीनमध्ये ही घटना वेगवेगळी, एकमेकींशी संबंध नसताना घडली.

आता बाजाराची करामत बघा. अमेरिकेत ही निळी अंडी 'कमी कोलेस्टेरॉलची' म्हणून विकली गेली. प्रयोगशाळेत तपासल्यावर त्यात काही तथ्य निघालं नाही. कवचाचा रंग आतल्या बलकात काही घालत नाही आणि त्यातून काही काढतही नाही. बलकाचा रंग आणि थोडाफार कस बदलतो तो कोंबडीच्या खाण्यामुळे. हिरवा पाला, किडे, मका खाल्ला की बलक गडद होतो, मग कवच कुठल्याही रंगाचं असो.

आपल्याकडे हाच खेळ कडकनाथच्या नावानं झाला. झाबुआची ही काळी कोंबडी अस्सल आहे, २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण तिचं अंडं काळं नसतं. दुधी किंवा फिकट तपकिरी, किंचित गुलाबी झाकेचं असतं. तरी काळ्या अंड्यांचे फोटो फिरत राहिले आणि अंड्याला सोन्याचा भाव येणार अशी हवा झाली. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरहून जे कडकनाथ प्रकरण गाजलं, त्यात पक्षी घ्या, अंडी परत घेऊ या बोलीवर अनेक जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांचे पैसे अडकले. कोंबडी खरी होती, भाव खोटा होता.

रंग जातीचा, लेप तिच्या तब्येतीचा

आता त्या सायीकडे येतो. रंग हा कोंबडीच्या रक्तातून येतो. पण रोजच्या रंगात अचानक पडलेला फरक आणि कवचावरचा लेप, हे तिच्या आजच्या हालतीचं पत्र असतं. जुन्या बायांना हे वाचता यायचं.

कवचात हजारो बारीक छिद्रं असतात. पिल्लाला श्वास घ्यायला ती लागतात. वरचा लेप ती छिद्रं झाकतो आणि जंतूंना अडवतो. म्हणून आपल्याकडे अंडी धूत नसत. तुसात, राखेत, धान्यात ठेवत. युरोपात आजही विक्रीची चांगल्या दर्जाची अंडी धुवायला मनाई आहे. अमेरिकेत उलट, तिथं धुणं सक्तीचं, आणि धुतलं की लेप जातो म्हणून पुढे थंडीत ठेवणंही सक्तीचं. आपण काय करतो? बाजारातून आणलेली अंडी नळाखाली चकचकीत धुतो आणि ओट्यावर ठेवून देतो. दोन्हीकडचा तोटा. धुवायचंच असेल तर फोडण्याच्या आधी धुवा.

कधी तपकिरी अंड्यावर खडू घासल्यासारखी पांढरी पूड दिसते, कधी अंडं राखाडी किंवा गुलाबीसर येतं, कधी मधोमध पांढरा पट्टा असतो. बहुतेक वेळा याचा अर्थ अंडं वेळेवर बाहेर पडलं नाही, आतच अडून राहिलं आणि त्यावर चुन्याचा जादा हात बसला. का अडलं? कोंबडी घाबरली म्हणून. रात्री खुराड्यात साप-मुंगूस आलं असेल, कुत्रं मागं लागलं असेल, दारात फटाके वाजले असतील. एखाद्या दिवशी असं आलं तर काळजीचं कारण नाही.

पण आपल्याकडे अशा अंड्याची भीती फार. मऊ कवचाचं, लिंबाएवढं, बलक नसलेलं किंवा पांढरी पूड बसलेलं अंडं दिसलं की कोणी करणी म्हणतं, कोणी कोंबडीच कापायला सांगतं. हसू नका, याबाबतीत युरोप आपल्या पुढे होता. १४७४ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात एका कोंबड्यानं अंडं घातलं म्हणून त्याच्यावर रीतसर खटला चालला आणि त्याला जिवंत जाळलं. अशा अंड्यातून नजरेनं माणूस मारणारा सर्पराक्षस निघतो, असा समज होता. आपल्याकडे अलीकडची भीती प्लास्टिकची. २०१७ मध्ये कोलकात्यातून प्लास्टिकच्या अंड्यांची अफवा उठली आणि देशभर पसरली. कवचाच्या आतला नेहमीचा पापुद्राच लोकांना प्लास्टिक वाटला.

लहान अंडं नव्या तलंगेचं असतं, नाहीतर एखाद वेळची चूक. मऊ कवच बहुधा चुना कमी पडल्याचं. एका अंड्याच्या कवचासाठी कोंबडीला दोन ग्रॅमहून जास्त कॅल्शियम लागतं. शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, तिला लागेल तेवढा ती खाईल. फोडलेल्या अंड्यांची टरफलं वाळवून, भाजून, कुटून दिली तरी चालतात. कडक उन्हाळ्यात आणि अंड्यावरची कोंबडी जुनी होत जाईल तसा रंग फिकट होत जातो, तेही स्वाभाविक. औषधानंही रंग उडतो. १९५० च्या दशकात पिल्लांच्या रक्ती हगवणीवर निकार्बाझिन नावाचं औषध आलं. ते चुकून अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात गेलं की एक-दोन दिवसांत तपकिरी अंडी पांढरी पडायची.

खरी धोक्याची घंटा वेगळी आहे. तीन-चार कोंबड्यांची अंडी एकदम फिकट, पातळ, खडबडीत, वाकडीतिकडी येऊ लागली तर ते आजाराचं लक्षण समजा. १९३१ मध्ये अमेरिकेत नोंदवलेल्या सांसर्गिक ब्राँकायटिसमध्ये कवचाला सुरकुत्या पडतात आणि आतलं पांढरं पाण्यासारखं होतं. १९७६ मध्ये हॉलंडमध्ये नोंदवलेल्या, बदकांकडून आलेल्या एका विषाणूच्या आजारात तर कोंबडी वरून ठणठणीत दिसते. पहिली खूण एवढीच की तपकिरी अंड्याचा रंग उडतो, मग मऊ अंडी येतात. आणि आपला जुना वैरी राणीखेत, ज्याला आपण मानमोडी म्हणतो. १९२० च्या दशकाच्या अखेरीस कुमाऊंतल्या राणीखेतला आढळला म्हणून हे नाव. मान वाकडी होईपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. थोडंफार लसीकरण झालेल्या कळपात हा आजार कधीकधी फक्त घटलेल्या आणि बिघडलेल्या अंड्यांतूनच दिसतो.

मग करायचं काय?

१८ फेब्रुवारी २००६ हा दिवस आपल्या खानदेशानं विसरू नये. नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू जाहीर झाला. पोल्ट्र्यांबरोबर परसातल्या कोंबड्याही मारल्या गेल्या, अंडी पुरली गेली. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या गावांत परसातल्या कोंबड्यांतच तो निघाला. २०२१ मध्ये नवापुरात पुन्हा तेच. पोल्ट्रीवाला कसाबसा पुन्हा उभा राहिला. पाड्यावरच्या बाईची पिढ्यान्‌पिढ्यांची सहा कोंबड्यांची वेल मात्र एकदा तुटली की तुटली.

हा विषय लहान नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात ८५ कोटींहून जास्त कोंबड्या-बदकं मोजली गेली, त्यात ३१ कोटी ७० लाखांच्या आसपास परसातली. हा बहुतेक बायकांच्या हातचा पैसा आहे. पोराच्या वहीला, दवाखान्याच्या एसटी भाड्याला लागणारा. त्या पैशावर लिंबू घासताना थोडा विचार करा.

गिऱ्हाइकांना माझं सांगणं: टोपलीतली सगळी अंडी एकाच रंगाची, एकाच आकाराची आणि मोठी असतील तर संशय घ्या. चार छटांची, लहान-मोठी, क्वचित शेणाचा डाग असलेली असतील तर बहुधा खरी. साध्या ओल्या फडक्यानं हलकं पुसल्यावर फडकं रंगलं तर विचारा, आणि खात्री झाली तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. २००६ चा अन्नसुरक्षा कायदा त्यासाठीच आहे. आजीचा व्हिडिओ काढणं हा उपाय नाही. आणि दुधी अंड्यालाही तोच भाव द्या.

कोंबड्या पाळणाऱ्यांना: राणीखेतची लस साध्या थेंबाची आहे, पण एका कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा असतात आणि विरघळवली की दोनेक तासांत वापरावी लागते. सहा कोंबड्यांसाठी कोणी कुपी फोडत नाही, आणि म्हणूनच परसातल्या कोंबड्या बिनलसीच्या राहतात. यावर उपाय एकच, आळी किंवा पाडा मिळून एक दिवस ठरवणं. बचत गटानं यादी करावी, ग्रामपंचायतीनं पशुवैद्यकीय दवाखान्याला तारीख मागावी, सकाळी कोंबड्या सोडायच्या आधी डालग्याखाली ठेवून सगळ्यांना एकदम थेंब घालून घ्यावेत. उन्हाळा लागायच्या आत हे झालं पाहिजे, कारण मानमोडी त्याच दिवसांत जोर धरते.

आपल्या तालुक्यातल्या ज्या ग्रामपंचायती असा दिवस ठरवतील, त्यांनी मला कळवा. तारखा मी याच पानावर टाकतो, म्हणजे शेजारच्या गावांनाही त्यात सामील होता येईल.